दोरीची लांबी आणि दोन वस्तुमानांची गती

पडद्यावर एक कप्पी दिसते आहे. तिच्यावरून गेलेल्या दोरीच्या एका टोकाला ३ किलोग्रॅमचे, तर दुसऱ्या टोकाला २ किलोग्रॅमचे वस्तुमान टांगलेले असून दोन्ही अजून हाताने धरून ठेवलेली आहेत. हात सोडताच जड वस्तुमान खाली येईल, हे सांगायला गणित लागत नाही. परंतु त्याचे त्वरण किती आणि दोरीतला ताण किती, असे विचारले की विद्यार्थी लगेच बलांचे बाण काढू लागतात. बाण काढायलाच हवेत, मात्र त्याआधी दोरीकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दोरी ताणली जाऊन लांबत नाही आणि सैलही पडत नाही, असे आपण गृहीत धरतो. त्यामुळे कप्पीच्या एका बाजूची दोरी जितकी वाढते, तितकीच दुसऱ्या बाजूची कमी होते. म्हणून दोन्ही वस्तुमानांच्या वेगांचे, आणि पर्यायाने त्वरणांचे, परिमाण सारखेच असते.

आता न्यूटनचा दुसरा नियम, म्हणजे निव्वळ बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, प्रत्येक वस्तुमानाला स्वतंत्रपणे लावू. जड वस्तुमानाच्या वजनातून ताण वजा केला की उरते ते त्याचे निव्वळ बल. हलक्या वस्तुमानाच्या बाबतीत ताणातून वजन वजा करायचे. दोन्ही समीकरणांची बेरीज करताच ताण निघून जातो आणि त्वरण गुरुत्व त्वरणाच्या एक पंचमांश, म्हणजे १.९६ मीटर प्रति सेकंद वर्ग, एवढे येते. ताण येतो २३.५२ न्यूटन. तो ३ किलोग्रॅमच्या वजनाइतका, म्हणजे २९.४ न्यूटन, धरण्याची चूक फार वेळा होते. पण तसे असते तर त्या वस्तुमानावरचे निव्वळ बल शून्य झाले असते आणि ते जागचे हललेच नसते.

याच रचनेचा उपयोग जॉर्ज ॲटवुड यांनी गतीचे नियम तपासण्यासाठी केला आणि त्याचे वर्णन १७८४ साली प्रसिद्ध केले. मोकळी सोडलेली वस्तू पहिल्याच सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडते. एवढी वेगवान गती त्या काळच्या साधनांनी मोजणे अवघड होते. पण दोन्ही बाजूंना ५०० ग्रॅम टांगून एकीकडे केवळ २० ग्रॅमचे जादा वजन ठेवले, तर तोच प्रवास सेकंदाला जेमतेम साडेनऊ सेंटीमीटरवर येतो आणि डोळ्यांना नीट टिपता येतो. कप्पीचे घर्षण मोजमाप बिघडवू नये, म्हणून ॲटवुड यांनी तिचा आस लहान चाकांवर टेकवला होता.

दोरीचा विचार आधी का करायचा, हे खऱ्या अर्थाने पटते ते चल कप्पी आल्यावर. दोरीचे एक टोक छताला बांधलेले आहे. तेथून ती खाली उतरून चल कप्पीला वळसा घालते, वर जाऊन स्थिर कप्पीवरून पुन्हा खाली येते आणि तिच्या मोकळ्या टोकाला २ किलोग्रॅमचे वस्तुमान आहे. चल कप्पीला ३ किलोग्रॅम टांगले आहे. कप्प्यांचे वस्तुमान आणि घर्षण आपण सोडून देऊ. चल कप्पी १० सेंटीमीटर वर गेली, तर तिला धरणारे दोन्ही पदर १०-१० सेंटीमीटरने आखूड होतात आणि मोकळ्या टोकाला २० सेंटीमीटर खाली उतरावे लागते. म्हणजे मोकळ्या टोकाचे त्वरण चल कप्पीच्या दुप्पट, आणि चल कप्पीला वर खेचणारे बल ताणाच्या दुप्पट.

या दोन गोष्टी समीकरणांत घातल्या की चल कप्पीचे त्वरण गुरुत्व त्वरणाचा अकरावा भाग, म्हणजे सुमारे ०.८९ मीटर प्रति सेकंद वर्ग, येते आणि त्याची दिशा वरची असते. २ किलोग्रॅमने ३ किलोग्रॅम उचललेले पाहून प्रथम विश्वास बसत नाही. उलट दिशा गृहीत धरली असती, तर हेच उत्तर ऋण आले असते. अशा वेळी कागद फाडू नये, फक्त बाणाची दिशा फिरवावी.

ताण येतो सुमारे १६ न्यूटन. त्याची दुप्पट ३२ न्यूटन, आणि ३ किलोग्रॅमचे वजन २९.४ न्यूटन. आता हात सोडू या. एका सेकंदानंतर चल कप्पी साधारण ४४.५ सेंटीमीटर वर गेलेली दिसते, मोकळे टोक ८९ सेंटीमीटर खाली आलेले दिसते, आणि दोरी मात्र तेवढीच आहे.