सरळ पळते, वळणावर रुसते : आउटबोर्ड हायड्रोप्लेनची गोष्ट

(मोटारीचा आवाज आधी, चित्र नंतर. पाण्याला जेमतेम टेकलेली बोट कॅमेऱ्यासमोरून निघून जाते.)

ही जी बोट आत्ता गेली ना, ती आउटबोर्ड हायड्रोप्लेन, म्हणजे मागे बाहेरून मोटार लावलेली, पाण्याला जेमतेम टेकून पळणारी रेसची बोट. ती खरं तर पाण्यात नव्हतीच. म्हणजे फुल स्पीडला असताना तिचं पाण्याशी नातं फक्त तीन ठिकाणी उरतं. पुढे दोन्ही बाजूंना पाय असल्यासारखे दोन भाग असतात, त्यांना स्पॉन्सन म्हणतात, त्या दोघांच्या मागच्या कडा, आणि सगळ्यात मागे अर्धा पाण्यात अर्धा हवेत फिरणारा प्रॉप, म्हणजे बोट ढकलणारा पंखा. बस. बाकीची अख्खी बोट हवेवर. ही तीन टेकूंची रचना 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये, व्हेंटनॉरच्या कारखान्यात, एपल घराण्यातल्या बापलेकांनी रेसिंगमध्ये रुळवली आणि आजही छोट्या आउटबोर्ड हायड्रोप्लेनचा पाया तोच आहे.

आत एक माणूस गुडघ्यांवर बसलेला असतो, पाठीमागे लाकडी फळीला अडकवलेली दोन सिलिंडरची मोटार, वेग ताशी 100 किलोमीटरच्या आसपास, आणि ब्रेक नाही. थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, हाताने दाबून धरायचा, सोडला की आपोआप बंद होतो, आणि ड्रायव्हर बाहेर फेकला गेला तर अंगाला बांधलेली दोरी मोटार बंद करते.

आता लोकांना वाटतं की सगळ्यात फास्ट बोट जिंकते. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं, पण एकदा कागदावर हिशेब मांडून बघा. समजा 500 मीटरची दोन सरळ लांबणं आहेत आणि दोन टोकांना 60 मीटर त्रिज्येची दोन वळणं. एक बोट सरळ रेषेत 100 ने जाते, दुसरी 102 ने. 500 मीटरला पहिलीला 18 सेकंद लागतात, दुसरीला 17.65, म्हणजे दुसरीने एका सरळ लांबणीत साधारण 0.35 सेकंद कमावले. आता वळण. अर्धवर्तुळ म्हणजे 188 मीटर. पहिली बोट ते 80 ने घेते, 8.5 सेकंदांत बाहेर. दुसरी फास्ट आहे पण वळणावर सरकते, ड्रायव्हरला थ्रॉटल सोडावा लागतो, समजा 74 ने घेते, तर तिला 9.15 सेकंद लागतात. म्हणजे सरळ रेषेत जे कमावलं त्याच्या जवळपास दुप्पट एका वळणात गेलं, आणि वर ती वळणातून कमी वेगाने बाहेर पडली म्हणून पुढच्या सरळ लांबणीची सुरुवातही मागूनच झाली, ते तर या हिशेबात धरलेलंच नाही.

म्हणून पिटमध्ये, म्हणजे बोटी तयार करतात त्या जागेत, कुणी "आपली बोट 2 ने फास्ट झाली" म्हटलं की जुनी माणसं लगेच विचारतात, वळणावर काय करते?

(पिट. बोट स्टँडवर उलटी. एक हात स्पॉन्सनच्या कडेवरून फिरतोय.)

वेग वाढवायचा म्हणजे पाण्याची पकड कमी करायची, हा एवढाच मामला आहे. मोटार थोडी वर उचला, गिअरकेसचा, म्हणजे मोटारीच्या पाण्यातल्या खालच्या तुकड्याचा, जेवढा भाग पाण्याबाहेर येईल तेवढा अडथळा कमी, बोट सुटते. मोटारीचा कोन थोडा बाहेर काढा, प्रॉपचा जोर बोटीचं नाक वर ढकलतो, स्पॉन्सन हलके होतात, अजून वेग. जास्त पिचचा प्रॉप लावा, पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप जेवढं पुढे सरकायला हवा ते अंतर, तर एका फेऱ्यात जास्त अंतर कापलं जातं. समजा प्रॉप मिनिटाला 7000 फेरे फिरतोय आणि पिच 10 इंच आहे, तर कागदावर ताशी 107 किलोमीटर निघतात, पाण्यात प्रॉप थोडा घसरतो, ती घसरण 8 टक्के धरली तरी 98 पडतात. पिच एका इंचाने वाढवला तर 108, पण ते मोटारीला तेवढेच फेरे टिकवता आले तरच, आणि नेमकं तेच तिला जमत नाही, मग वळणातून बाहेर येताना ती गुदमरल्यासारखी ओरडत राहते आणि बाकीच्या पाच बोटी पुढे निघून जातात.

मोटार जास्त वर घेतली तर वळणावर बोट कलते, प्रॉपला हवा लागते, पकड सुटते, फेरे एकदम वर जातात आणि बोट जागच्या जागी बसते. नाक जास्त उचललं तर वारा बोटीच्या पोटाखाली शिरतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर उचल चौपट, आणि नाक जसजसं वर जातं तसतशी उचल अजून वाढते, म्हणजे एकदा का बोट वर जायला लागली की ड्रायव्हरच्या हातात फारसं काही राहत नाही. बोट मागे पलटते. याला ब्लोओव्हर म्हणतात. म्हणून सरळ रेषेत ड्रायव्हर स्टिअरिंगवर ओणवा झालेला दिसतो. तो वाऱ्यापासून लपतोच, पण स्वतःचं वजन नाकावर टाकून बोट खाली दाबूनही धरतो. एवढ्या हलक्या बोटीत माणसाचं शरीर हेच सगळ्यात मोठं सरकवता येणारं वजन असतं.

आणि ते टर्न फिन. रेस डावीकडे वळत चालते, म्हणून डाव्या बाजूला धातूची एक उभी पट्टी पाण्यात उतरवलेली असते. वळणावर बोट तिच्याभोवतीच फिरते. पट्टी खोल असेल तर बोट रुळावर असल्यासारखी वळते, पण तीच पट्टी सरळ रेषेतही पाणी कापत असते आणि त्याची किंमत मोजावी लागते. त्यात प्रॉप मागून पाहिलं तर उजवीकडे फिरत असेल तर त्याची उलट प्रतिक्रिया बोटीची डावी बाजू खाली दाबते, उजवी उचलते, म्हणजे दोन स्पॉन्सन दिसायला जुळे असले तरी त्यांना काम सारखं नसतं. चांगला बोट बनवणारा हे डोक्यात ठेवूनच दोन्ही कडांचे कोन ठरवतो. मला या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. कुठलाही एक बोल्ट फिरवा, तो फक्त एका ठिकाणी काम करतच नाही.

(जपान. मोठं घड्याळ, सहा बोटी, सहा रंगांचे कपडे.)

हे सगळं ज्यांनी नीट शब्दांत पकडलंय ते जपानी लोक. तिथे बोट रेसिंग 1952 मध्ये नागासाकीजवळच्या ओमुरामध्ये सुरू झालं, आज 24 ठिकाणी चालतं. सहा बोटी, 600 मीटरच्या तीन फेऱ्या, एकूण 1800 मीटर. सुरुवातही धावती, म्हणजे घड्याळाचा काटा शून्यावर आल्यानंतर एका सेकंदाच्या आत रेषा ओलांडायची, आधी गेलात तरी बाद, उशीर झाला तरी बाद.

तिथला रेसर मोटारीबद्दल बोलताना नुसतं चांगली किंवा वाईट असं म्हणत नाही. तो तिच्या पायांबद्दल बोलतो, आशी म्हणजे पाय. देआशी म्हणजे उठाव, वळणातून बाहेर पडताना ती किती झटकन पकडते. नोबिआशी म्हणजे सरळ रेषेत शेवटपर्यंत किती ताणते. मावारिआशी म्हणजे वळणात पाणी किती धरून ठेवते. तीनही पाय चांगले असलेली मोटार क्वचित मिळते, बाकी वेळा एक पाय लांब केला की दुसरा आखूड होतो. मोटारीचा कोन तिथे उणे 0.5 अंशापासून अर्ध्या अर्ध्या अंशाने वाढवता येतो, काही ठिकाणी 3 अंशांपर्यंत. बहुतेक जण उणे 0.5 वरच राहतात कारण वळण तिथे चांगलं होतं. पण कधी कधी एखादा रेसर 3 अंश लावतो, सगळ्यात बाहेरच्या लेनमधून लांबून धावत येतो आणि पहिल्या वळणाच्या आधीच सगळ्यांना मागे टाकायचा प्रयत्न करतो. जमलं तर मैदान डोक्यावर घेतं. नाही जमलं तर वळणावर बोट बाहेर बाहेर जात राहते आणि आतून पाचही बोटी निघून जातात.

आता मुख्य प्रश्न. एवढं सगळं सेटिंग, पण शेजारच्याची मोटारच मुळात जास्त ताकदीची असेल तर?

जपानने याचं उत्तर चिठ्ठीने दिलं. मोटार रेसरची नसते, बोटही नसते, दोन्ही त्या त्या मैदानाच्या मालकीच्या. यामातो कंपनीच्या, साधारण 400 सीसीच्या, एकाच साच्यातल्या मोटारी, दरवर्षी नव्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या निघतात आणि जी वाट्याला येईल ती घ्यायची. एकाच कारखान्यात बनलेल्या या मोटारीसुद्धा सारख्या नसतात. प्रत्येक मोटार किती टक्के वेळा पहिली किंवा दुसरी आली तो आकडा जाहीर केला जातो. सहातून दोन, म्हणजे सरासरी 33 टक्के. पण एखादी मोटार 50 च्या जवळ असते आणि एखादी 20 वर अडकलेली, तेच ड्रॉइंग, तेच धातू. तेव्हा समान मोटार नावाची गोष्ट कारखान्यातून तयार होऊन येत नाही, हे त्यांनी मान्य केलं आणि नशीब समान वाटलं, वर आकडा सगळ्यांसमोर ठेवला. मला हे फार प्रामाणिक वाटतं. प्रॉप मात्र रेसर स्वतःचे आणायचे, रात्र रात्र हातोडीने ठोकून घडवलेले, 2012 मध्ये ते बंद झालं आणि आता प्रॉपही मोटारीसोबतच येतो. त्याला ठोकून आकार द्यायला परवानगी आहे, फक्त पुढच्या स्पर्धेत तो दुसऱ्याच्या हातात जातो. आणि वजन, पुरुषांना किमान 52 किलो, बायकांना 47, कमी भरलं तर अंगावर वजन बांधून उतरायचं.

(अमेरिका. तळ्याकाठी ट्रेलर, घरची माणसं मोटार उचलतायत.)

अमेरिकेत चित्र वेगळं. तिथे अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन, 1903 पासूनची संस्था, तिच्या नियमांवर स्टॉक आउटबोर्ड चालतं. इथे मोटार ज्याची त्याची. बोटी क्लासमध्ये, म्हणजे मोटारीप्रमाणे पाडलेल्या गटांत, धावतात, 9 वर्षांची मुलं ज्युनिअर क्लासमध्ये सुरुवात करतात. सी स्टॉक क्लासमध्ये तर जपानच्याच यामातो मोटारी धावतात, तिकडची चिठ्ठीतली मोटार इकडे कुणाच्या तरी गॅरेजमध्ये घरच्यासारखी सांभाळलेली असते. स्टॉक म्हणजे कारखान्यातून आली तशीच, घासायचं नाही, पोर्ट, म्हणजे सिलिंडरची हवा आत-बाहेर जायची भोकं, मोठे करायचे नाहीत.

पण मोटारींचं आयुष्य क्लासपेक्षा लहान असतं. मर्क्युरी कंपनीची 20 क्यूबिक इंचाची, म्हणजे साधारण 330 सीसीची मार्क 20एच घ्या, एकेकाळी बी स्टॉकची हीच मोटार. कारखाना असल्या मोटारी बनवणं थांबवतो, पार्ट जुने होत जातात, चांगला क्रँकशाफ्ट, म्हणजे मोटारीचा मुख्य दांडा, शोधायला लोक वर्षं घालवतात, आणि मग क्लास जिवंत ठेवायचा तर दुसरी मोटार आत घ्यावीच लागते. आणि इथून खरी भांडणं सुरू होतात, कारण जुन्या मोटारीवर ज्याने आयुष्य घातलं त्याला नवी जिंकायला नको, आणि नवी ज्याने विकत घेतली त्याला ती हरायला नको.

मग बरोबरी कशी आणायची? सोपा उपाय रिस्ट्रिक्टर प्लेट. कार्ब्युरेटरच्या मागे भोक असलेली पातळ पत्रा, हवा कमी, ताकद कमी. पण ती प्लेट नाक दाबते वरच्या फेऱ्यांना, म्हणजे मोटार जोरात फिरत असताना, जेव्हा तिला जास्त हवा हवी असते. खालच्या फेऱ्यांना तिला फारसा फरक पडत नाही. म्हणजे नवी मोटार सरळ रेषेत जुनीच्या बरोबरीला आली, कागदावर दोघी 95, सगळे खूश, आणि रेसमध्ये नवी प्रत्येक वळणातून दोन बोटी पुढे उडी मारते. त्यात तिचा मालक छोट्या पिचचा प्रॉप लावणार, म्हणजे तो उठाव अजून वाढणार. तुम्ही नोबिआशी कापली, देआशी तशीच राहिली.

दुसरा उपाय वजन. जास्त ताकदीच्या मोटारवाल्याला शिसं घालायला लावायचं. बोट, मोटार, ड्रायव्हर सगळं मिळून किमान वजन. हे बरंच चांगलं काम करतं कारण वजन उठावाला मारतं, म्हणजे प्लेट जिथे पोचत नाही तिथे हे पोचतं. पण शिसं कुठे ठेवलं यावर सगळं आहे. नाकाकडे ठेवलं आणि त्या दिवशी पाण्यावर लाटा असतील, तर ज्याला शिक्षा म्हणून वजन दिलं त्याची बोट खाली टेकून राहते, थ्रॉटल दाबलेलाच, आणि हलक्या बोटीवाले मात्र आपली बोट उडेल या भीतीने थ्रॉटल सोडतायत. शिक्षा त्याला बक्षीस झाली.

मोटारीची उंची बांधून देणं हा तिसरा उपाय, प्रॉपचा शाफ्ट बोटीच्या तळापासून किमान इतका खाली हवाच असा नियम. मला हा सगळ्यात शहाणा वाटतो कारण तो वेग आणि धोका दोन्ही एकदम आवरतो, आणि तपासायला एक पट्टी पुरते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, दोन मोटारी सारख्या आहेत का हे टेस्ट बेंचवर ठरवू नका, एका सरळ धावेवरही नाही. एकच बोट घ्या, एकच ड्रायव्हर, दोन्ही मोटारी आलटून पालटून लावा, प्रत्येकीला तिच्या आवडीचा प्रॉप द्या, पूर्ण फेऱ्या मारा, शांत पाण्यात आणि खवळलेल्या पाण्यातही, आणि वळणातून बाहेर येतानाची वेळ वेगळी मोजा. वेळखाऊ आहे, पैसे लागतात, हौशी लोकांच्या खेळात हे सगळं कुणी रविवार मोडून करायचं हा प्रश्न आहेच. पण न करता नियम लिहिला की एक गट ट्रेलर जोडून कायमचा घरी जातो, आणि सहा बोटींच्या रेसमध्ये दोन कमी झाल्या की रेसच राहत नाही.

(संध्याकाळ. वजनकाटा. शेड.)

रेस संपलीय. जिंकलेली बोट थेट काट्यावर, ड्रायव्हर ओल्या कपड्यांत हेल्मेटसकट बोटीबरोबर मोजला जातोय. मग मोटार उघडतात. कार्ब्युरेटरच्या नळीत गेज घालतात, आत गेला नाही पाहिजे, नाही गेला. सिलिंडर हेडमध्ये मोजून तेल ओततात, किती मावलं ते बघतात. जिंकलेला गप्प उभा, हात पुसत. आणि पलीकडे दुसरा आलेला त्याच्या बोटीमागे गुडघ्यावर बसलाय, पट्टीने शाफ्टची खोली परत परत मोजतोय, मोटारीखालची एक पातळ पट्टी काढतो, बोटांत धरून बघतो, थोडा विचार करतो आणि परत आत सरकवून बोल्ट आवळतो. पुढच्या हीटला, म्हणजे पुढच्या शर्यतीला, अजून चाळीस मिनिटं आहेत.