वस्तऱ्याची धार: दगडाचे काम आणि चामड्याचे काम

श्रोतेहो, नमस्कार. वस्तरा गालावर अडखळू लागला, केस कापण्याऐवजी ओढू लागला, की नव्याने वस्तरा वापरणारे बहुतेक जण थेट दगडाकडे धाव घेतात. धार लावायचा दगड पोलाद झिजवून नवी धार घडवतो, तर चामड्याचा पट्टा असलेली धार साफ आणि गुळगुळीत राखतो. म्हणून पट्टा प्रत्येक दाढीच्या आधी वापरायचा आणि दगड पट्ट्याने भागेनासे झाले तरच.

केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद बिघडावे याचे नवल वाटते. पोलाद केसापेक्षा सुमारे 50 पट कठीण असूनही दाढी करताना पात्याच्या कडेचे अतिसूक्ष्म टवके उडतात, असे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिले.

पाण्याने ओल्या केलेल्या दगडावर वस्तरा पूर्ण आडवा ठेवायचा, म्हणजे त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. धारेचा कोन पाठीच्या जाडीने आणि पात्याच्या रुंदीने आधीच ठरलेला असतो; आपण पाठ उचलली नाही म्हणजे झाले. धार पुढे ठेवून, जवळजवळ वस्तऱ्याच्या स्वतःच्याच वजनाने, पाते सरकवायचे. हात योग्य पडला की धारेपुढे पाण्याची बारीक लाट सलग सरकताना दिसते, आणि ती एखाद्या ठिकाणी तुटली तर तेवढ्या भागात धार दगडाला टेकत नाही असे समजावे. दगडाचा क्रमांक जितका मोठा तितका त्याचा कण बारीक; बोथट पात्यासाठी 1000 क्रमांकाचा दगड, पुढे 4000, 8000 आणि शेवटच्या लकाकीसाठी 12000, असा साधारण क्रम असतो.

पट्ट्यावर मात्र दिशा उलटी. तिथे पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर चामडे कापले जाते. माझ्या पहिल्या पट्ट्यावर असा तिरका काप आजही आहे. पट्टा ताणून धरावा, कारण तो सैल पडला की चामडे धारेभोवती वळते आणि धार गोलसर होते. खरी कसोटी टोकाला पोहोचल्यावर लागते: वस्तरा न उचलता तो पाठीवरच कुशीवर वळवायचा, पाठ चामड्याला टेकलेलीच राहते आणि धार वरून फिरून दुसऱ्या बाजूला येते. आधी कापडी पट्ट्यावर 20 आणि मग चामड्यावर 50 फेऱ्या माझ्या अनुभवात पुरतात. वेग आपोआप येतो, त्याची घाई करू नये.

आपल्याकडे गावोगावचे न्हावी धोपटीतून वस्तरा काढून तळहातावरच सरसर परतवीत. त्यामागे वर्षांचा सराव असे, नवख्याने तसे करू नये. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने आता सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड लावतात, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे ही कला आता बहुतांशी घरी स्वतःची दाढी करणाऱ्यांच्याच हाती उरली आहे.

दाढी झाल्यावर वस्तरा धुऊन, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसून पूर्ण कोरडा करावा आणि पावसाळ्यात तेलाचा एक थेंब पात्यावर पसरावा. धारेवर गंजाचा ठिपका पडला, की तेवढे पोलाद खाल्ले जाते आणि मग पट्ट्याने भागत नाही, पुन्हा 1000 क्रमांकाच्या दगडापासून सुरुवात करावी लागते.