आप्पांच्या नळीतला पैरा

खानापूर तालुका. बाहेर भाताची रोपलावणी चाललीय. ओसरीत खाटेवर आप्पा पडून आहेत. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना लघवीची नळी आहे. थोरल्या लेकीनं खाटेच्या कडेची पिशवी उजेडात धरली. लघवी गढूळ, तळाशी पांढरे कण.

"आप्पा, ताप वाटतोय काय?"

"न्हाई गं. नळी तेवढी तुंबल्यागत वाटतीया."

नळी बसली की लघवीत जंतू शिरण्याची शक्यता रोज साधारण ३ ते ७ टक्के असते. महिना उलटला की ते जवळपास प्रत्येकाच्या लघवीत सापडतात, आणि बहुतेकदा ते एका जातीचे नसतात.

नळी आत घासते, तिथं शरीर फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन सोडतं. ते नळीला चिकटतं आणि त्याला धरून एन्टेरोकॉकस नावाचा जंतू बसतो. मागोमाग ई. कोलाय, क्लेब्सिएला, प्रोव्हिडेन्सिया हे जंतू येतात. सगळ्यांचा मिळून एक बुळबुळीत थर होतो, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा. हाच बायोफिल्म. यात दडलेल्या जंतूंवर अँटिबायोटिक फारसं चालत नाही.

समोरच्या शेतात पैरा चाललाय: आज तुझी लावणी, उद्या माझी. नळीतही देणंघेणं असतं. एन्टेरोकॉकस ऑर्निथिन नावाचं अमिनो आम्ल बाहेर टाकतो, आणि लोहाची टंचाई असतानाही ई. कोलाय त्यावर वाढतो. फरक एवढाच की इथं परतफेड होतेच असं नाही.

खरा त्रास देतो तो प्रोटियस नावाचा जंतू. तो लघवीतला युरिया फोडतो, त्यातून अमोनिया सुटतो आणि लघवीची आम्लता जाते. मग मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे फॉस्फेट नळीत खड्यासारखे जमतात. बोअरचं पाणी तापवून तापवून हंड्याला आतून पांढरी खपली धरते ना, अगदी तशी. प्रयोगशाळेत असं दिसलंय की प्रोव्हिडेन्सियाची सोबत मिळाली की प्रोटियसचं हे काम आणखी जोरात चालतं. नळी बंद पडली की लघवी मूत्रपिंडाकडे उलटी चढू शकते, जंतू रक्तात जाऊ शकतात. म्हणून तुंबलेल्या नळीला उद्यावर टाकायचं नाही.

पण नुसत्या गढूळ लघवीसाठी, ताप नाही, दुखणं नाही, अशा वेळी सहसा अँटिबायोटिक देत नाहीत. दिलं तर थरातले चिवट जंतू मागं उरतात आणि पुढच्या खेपेला औषध हरतं. ताप आलाच, तर जुनी नळी काढून नव्या नळीतून नमुना घ्यावा. जुन्या नळीतला नमुना मूत्राशयापेक्षा त्या थराचीच जास्त माहिती देतो.

दुपारी सिस्टर आल्या. जुनी नळी निघाली. टोकाचं भोक पांढऱ्या खपलीनं जवळजवळ बुजलेलं. नव्या नळीतून लघवी वाहू लागली तसा आप्पांचा चेहरा सैल पडला.

लेक बराच वेळ ती जुनी नळी बघत राहिली. मग तिनं विचारलं,

"सिस्टर, ह्यांना नळी अजून लागतीयाच काय? काढून बघायला जमंल काय?"