अग्नी: ठिणगीपासून शस्त्रापर्यंत

(दृश्य: ओहोटीचा समुद्र, ओडिशा)

ओडिशातलं चांदीपूर. ओहोटी लागली की इथला समुद्र काही किलोमीटर मागे सरतो. क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचं कायमचं केंद्र खरं तर जवळच्या बालियापालला व्हायचं होतं. पण गावकरी जमीन सोडेनात, आणि ‘अंतरिम’ म्हणून उभारलेलं चांदीपूरच कामाला आलं.

२० एप्रिल १९८९. अग्नी या क्षेपणास्त्राच्या पहिल्या चाचणीची उलटमोजणी १४ सेकंदांवर आली आणि संगणकानेच उड्डाण रोखलं. १ मेला पुन्हा तेच. व्यंगचित्रकारांना आयतं खाद्य मिळालं. अखेर २२ मेच्या सकाळी अग्नी झेपावलं. एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमाची धुरा डॉ. कलाम यांच्याकडे होती, तर अग्नीचे प्रकल्प संचालक होते राम नारायण अग्रवाल.

(दृश्य: दोन टप्प्यांचं रेखाचित्र)

हे अग्नी म्हणजे घरात होतं त्यातून रांधलेला स्वयंपाक. खालचा टप्पा एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपकाचा, घन इंधनाचा. वरचा ‘पृथ्वी’ या कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रावरून घेतलेला, द्रव इंधनाचा. लढाईत अशी जोडी गैरसोयीचीच, कारण हे द्रव इंधन जहाल, आणि ते हाताळणं म्हणजे वेळखाऊ, जोखमीचं काम. पण सरकार तरी याला शस्त्र कुठे म्हणत होतं? ‘तंत्रज्ञान प्रात्यक्षिक’ एवढंच.

आणि प्रात्यक्षिक होतं ते टोकाचं. अवकाशातून वातावरणात परतताना क्षेपणास्त्राचं नाक अडीच हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापतं. आतली उपकरणं मात्र सुखरूप राहायला हवीत. १९८७ पासून बड्या देशांनी असं तंत्रज्ञान देण्यावर निर्बंध घातले होते. तेव्हा कार्बनच्या धाग्यांचं, कार्बननेच घट्ट केलेलं कवच इथेच तयार करावं लागलं. पहिल्या अग्नीची खरी कमाई हे कवच. किती लांब गेलं, हा त्यापुढे दुय्यम प्रश्न.

१९९२ची चाचणी फसली, १९९४ची साधली. मग काम थंडावलं. अमेरिकेच्या दबावापुढे सरकार नमलं, अशी टीका तेव्हा झाली.

(दृश्य: रेल्वेच्या वाघिणीवरचं क्षेपणास्त्र)

एप्रिल १९९८मध्ये पाकिस्तानने ‘घौरी’ या क्षेपणास्त्राची चाचणी केली, मे महिन्यात पोखरणचे स्फोट झाले, आणि ११ एप्रिल १९९९ला ओडिशाच्याच किनाऱ्याजवळच्या व्हीलर बेटावरून (आताचं अब्दुल कलाम बेट) अग्नी-२ उडालं. पल्ला दोन हजार किलोमीटरहून अधिक. महत्त्वाचं म्हणजे आता दोन्ही टप्पे घन इंधनाचे. इंधन आधीच भरलेलं, म्हणून क्षेपणास्त्र रेल्वेवरून कुठेही न्या, उभं करा, काही मिनिटांत डागा. अग्नीचे असे फिरते प्रक्षेपक घडवण्यात पुण्यातल्या दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेचा मोठा वाटा.

अग्नी-२ नंतर तीनच दिवसांनी पाकिस्तानने घौरी-२ उडवून उत्तर दिलं.

कारगिलनंतर आणखी एक उणीव जाणवली. ‘पृथ्वी’ फार जवळचं, अग्नी-२ फार लांबचं. मधल्या पल्ल्यासाठी एकाच टप्प्याचं, ७०० किलोमीटरचं क्षेपणास्त्र तयार झालं. २५ जानेवारी २००२ला त्याची पहिली चाचणी झाली. दोन नंबरनंतर आलं, तरी त्याचं नाव पडलं अग्नी-१.