मानाचा पहिला नंबर

श्रोतेहो, नमस्कार.

मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो. आमच्या वाट्याला येणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. 'सर, बॉल देता का?', 'सर, आज पीटी आहे का गणित?' त्यामुळे एका संध्याकाळी खो-खोचा सराव संपल्यावर नववीतल्या एका मुलीने पायाची माती झटकत झटकत जे विचारलं, त्याने मी जरा गडबडलोच. ती म्हणाली, "सर, कुठल्या खेळात जगात पहिला नंबर आला, की सगळ्यात जास्त मान?"

मी तोंड उघडायच्या आत मागून पोरं ओरडली, "क्रिकेट!"

आता आपल्याकडे याला नाही म्हणायची सोय नाही. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर सचिन शेवटचं खेळून परतताना खेळपट्टीला हात लावून नमस्कार करत होता, तेव्हा टीव्हीसमोर बसलेली कितीतरी मोठी माणसं डोळे पुसत होती. मीही त्यात होतो. भारतरत्न मिळालेला तो पहिला खेळाडू. पण पोरांना मी म्हटलं, 2023 च्या वर्ल्डकपला संघ किती होते? दहा. फुटबॉलच्या जागतिक संघटनेत 211 सभासद आहेत. शिवाय या दोन्ही खेळांत पहिला कोण, हे ठरतच नाही. गावसकर की तेंडुलकर, पेले की मॅराडोना की मेस्सी? टपरीवर पाच जण बसले तर सहा मतं निघतात. त्या भांडणाची गोडी मला ठाऊक आहे, अर्ध्या रात्री त्यात घालवल्यात. पण बोट दाखवून 'हा पहिला' म्हणता येत नाही. आणि मोटारींच्या शर्यती, पोलो वगैरे तर सोडूनच द्या. तिथे पहिला येणारा, ज्यांना परवडलं त्यांच्यातला पहिला.

मग मला वाटलं, उलटं बघावं. जो खेळ जवळजवळ प्रत्येकाने लहानपणी एकदा तरी करून पाहिलाय आणि मुकाट्याने सोडून दिलाय, त्यातला पहिला खरा मानाचा. कारण त्याने आपल्या सगळ्यांना मागे टाकलेलं असतं. असे खेळ कोणते? पळणं. आणि झोंबी.

पळण्याचं पोरांना मैदानावरच दाखवलं. शंभर मीटरची फक्की मारलेली होतीच. आमचा सगळ्यात वेगवान पोरगा, जिल्ह्याला गेलेला, बारा सेकंदांत शंभर मीटर पळायचा. उसेन बोल्टने 2009 साली बर्लिनला ते अंतर 9.58 सेकंदांत कापलं. मी पावलांनी मोजत गेलो आणि ऐंशी मीटरवर आडवी रेघ ओढली. पोराला तिथे उभं केलं. म्हटलं, "बोल्ट तिकडे फीत तोडतो, त्या वेळी तू इथे असणार." तो पोरगा पुढचं वीस मीटर मोकळं मैदान बघत राहिला. जिल्ह्यात त्याच्यापुढे कुणी नसायचं, आणि इथे एक माणूस एवढा पुढे! शेवटी म्हणाला, "सर, याची एसटी कधी चुकली नसेल."

झोंबीचं मात्र मैदानावर दाखवता आलं नाही, सांगावं लागलं. मी नऊ वर्षांचा असताना आमच्या जत्रेत नारळाच्या कुस्तीला उतरलो होतो. हलगी कडाडत होती, अंगाला लाल माती, आणि समोर शेजारच्या गावचा माझ्याच उंचीचा पोरगा. वाटलं, हा काय करणार? सलामी झाली, हाताला हात लागला, आणि तो पटात घुसला. नंतरचं मला फक्त आभाळ आठवतंय. तोंडात माती गेली होती, दाताखाली करकर वाजत होती. नारळ त्याला मिळाला. माझा पराक्रम इतकाच. पण त्यामुळे एक झालं. पुढे मी खाशाबा जाधवांबद्दल ऐकलं, तेव्हा मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. 1948 ला लंडनच्या ऑलिम्पिकला गेले ते मातीतला पैलवान म्हणून, मॅट तिथे जाऊन पाहिली, तरी सहावे आले. 1952 च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशातून सरांचं देणं फेडलं.

तुम्ही म्हणाल, अहो, ते तर तिसरे आले होते. खरं आहे. पहिला आला जपानचा शोहाची इशी, आणि त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण. पण त्या गाड्यांमध्ये बसलेल्या माणसांनी कधी ना कधी माती खाल्लेली होती. जगात तिसरा म्हणजे काय, हे त्यांच्या पाठीला माहीत होतं. सरकारला कळायला वेळ लागला. अर्जुन पुरस्कार खाशाबांना जाहीर झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. आता 15 जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, महाराष्ट्राचा क्रीडा दिन आहे. स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसहून नेमबाजीतलं कांस्य आणलं, तोवर महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुणाला वैयक्तिक पदक मिळालं नव्हतं. बहात्तर वर्षं!

एक गोष्ट मला खटकते, तीही बोलून टाकतो. मानाचा पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धिप्पाडच माणूस येतो. 1961 पासून महाराष्ट्र केसरीची गदा चालत आलीय, पण ती मोठ्या वजनाच्या गटातच. हल्ली 86 ते 125 किलो. खाशाबांचा गट 57 किलोचा. म्हणजे हेलसिंकी गाजवणारा माणूस आज आखाड्यात आला असता, तर त्या गदेसाठी उतरताच आलं नसतं. बॉक्सिंगमध्येही हेवीवेटचंच नाव होतं. हे मला अजून पटलेलं नाही.

एवढं सगळं ऐकवून मी त्या मुलीला म्हटलं, "तर माझं मत कुस्तीला. आणि आता मुलींचीही महाराष्ट्र केसरी आहे, 2023 ला सांगलीची प्रतीक्षा बागडी पहिली झाली."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांनी लहानपणी खेळून सोडलेला खेळ. मी तर गल्लीतल्या कुठल्याच मुलीला कुस्ती खेळताना बघितलं नाही. माझी आई, आजी, मावशी, सगळ्या खो-खो खेळल्यात. आजी तर अजून सांगते, तिला कुणी बाद करू शकायचं नाही."

मी निरुत्तर. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. सामने झाले इंदिरा गांधी स्टेडियमला. त्याच आवारात कुस्तीचं एक सभागृह आहे, खाशाबा जाधवांच्या नावाचं.

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बुटांची नाडी बांधत होती. म्हणाली, "मग प्रियांकाताईच्या गावात बैलगाड्या निघाल्या का हो, सर?"

नमस्कार.