आधी ती उलटी करा

ही फुलदाणी. वीतभर उंच, निळसर-सोनेरी, उजेडात फिरवली की मोरपिसासारखी रंग पालटणारी. सही नाही, शिक्का नाही, चिठ्ठी नाही. मग घडवली कुणी?

रंगावर भाळू नका. आधी ती उलटी करा.

तळाच्या मधोमध हा वण पाहा. काच फुंकनळीवर फुगवतात. पण तोंडाला आकार द्यायचा तर ती नळीवरून सोडवावी लागते. म्हणून तळाला लोखंडी सळई चिकटवतात आणि काम उरकलं की तोडतात. वण मागे राहतो. कुणी तो खरखरीत ठेवतो, कुणी घासून गुळगुळीत खळगा करतो. इथे खळगा आहे. बूड टेकतं त्या कडेवर बारीक, वेडेवाकडे ओरखडे आहेत. ते सगळे एकाच दिशेने असते, तर पॉलिश कागदाने जुनेपण आणल्याचा संशय घेतला असता.

आता झळाळी. तापलेल्या काचेवर धातूच्या क्षारांची वाफ बसवली की ती येते. १९०० च्या आसपास बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, लोएट्झचा कारखाना ती काढायचा, क्रालिकचा काढायचा, रिंड्सकोफचाही. बाजारात मात्र चमकणारी प्रत्येक फुलदाणी लोएट्झच! कारण उघड आहे, त्या नावाला भाव मिळतो.

जांभळ्या, अतिनील दिव्याखाली काच हिरवी उजळली, तर तिच्यात युरेनियम असू शकतं. पण युरेनियम कितीतरी कारखाने वापरत. त्यावरून नाव ठरत नाही.

सही असती तर सोपं झालं असतं? उलट मी जास्त सावध झालो असतो. अमेरिकेचा नामांकित काचकार लुई कम्फर्ट टिफनी, त्याची ‘एल. सी. टी.’ ही आद्याक्षरं दुसऱ्याच्या काचेवर मागाहून कोरणारे कमी नाहीत.

भरवसा ठेवावा तो कागदावर. लोएट्झची बरीचशी काच सहीविनाच बाहेर पडली. पण तिच्या आकारांचे कागदी नमुने, उत्पादन क्रमांकांसह, टिकून आहेत. फुलदाणीचा फोटो त्याच मापात आणायचा आणि नमुन्याच्या रेषेवर ठेवायचा. तोंड हाताने वळवलेलं असतं, ते थोडं इकडेतिकडे चालतं. पोटाला ती सूट नाही.

मान जुळली. खांदा जुळला. पोट मात्र रेषेबाहेर, चांगलं दोन बोटं.

हा आकार लोएट्झचा नाही. आता क्रालिकचे आकार काढू.