पपनसाचे सरबत आणि बडोद्याची गादी

९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे दरबारातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, कर्नल रॉबर्ट फेअर फेरफटका आटोपून रेसिडेन्सीत परतले आणि नेहमीप्रमाणे त्यांच्यासाठी ठेवलेले पपनसाचे सरबत त्यांनी हाती घेतले. थोडेसे पिऊन त्यांनी उरलेले फेकून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी राहिलेला काळसर गाळ त्यांच्या नजरेस पडला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी आणि पुढे मुंबईच्या सरकारी रसायनतज्ज्ञांनी तो तपासला. त्यात सोमल (आर्सेनिक हे विष) निघाला, आणि हिऱ्याची पूडही निघाली. हिरकणी खाल्ल्याने माणूस दगावतो ही समजूत त्या काळी किती पक्की होती, ते या तपशिलावरून कळते. जीव घेण्याची खरी शक्ती मात्र सोमलात होती.

फेअर वाचले. तरीही राजकीय हत्यांच्या इतिहासात या फसलेल्या प्रयत्नाची दखल घ्यावीच लागते, कारण त्यानंतर सहा महिन्यांच्या आत मल्हारराव गायकवाडांची गादी गेली.

संशय महाराजांकडे वळला, त्याला पूर्वइतिहास होता. थोरले बंधू खंडेराव महाराज यांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून मल्हाररावांनी पादरा येथे कैद भोगली होती आणि १८७० मध्ये खंडेराव वारल्यावर ते कैदेतून गादीवर आले होते. त्यांच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी १८७३ मध्येच झाली होती. दादाभाई नवरोजी दिवाण म्हणून कारभार सावरू पाहत होते, पण फेअर यांचे त्यांच्याशीही जमत नव्हते. विषप्रयोगाच्या आठवडाभर आधी, २ नोव्हेंबरला, मल्हाररावांनी फेअर यांना बडोद्याहून हलवावे असा खलिता पाठवला होता. ज्याची बदली मागितली, त्यालाच आठवड्याने विष का घालावे, हा प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो.

फेअर यांच्या जागी सर लुईस पेली आले आणि जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली. आरोपाच्या चौकशीसाठी २३ फेब्रुवारीपासून बसलेल्या कमिशनमध्ये सहा सभासद होते: बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काऊच, सर रिचर्ड मीड आणि मेल्व्हिल हे तीन इंग्रज, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव हे तीन हिंदी. महाराजांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील थेट इंग्लंडहून आले. आरोपाचा सारा भार रेसिडेन्सीतला हवालदार रावजी, जमादार नरसू आणि महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांच्या जबान्यांवर होता, आणि रावजी व दामोदरपंत हे तर माफीचे साक्षीदार होते. रावजीच्या पट्ट्यात पोलिसांना सोमलाची पुडी सापडली, तीही बऱ्याच दिवसांनी. बॅलंटाइन यांनी नेमके यावरच बोट ठेवले: इतकी घातक पुडी अपराधी माणूस अंगावर बाळगत का फिरेल?

निकाल दुभंगला. तिन्ही इंग्रजांनी महाराजांना दोषी मानले, तिघा हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रामशास्त्र्यांनी सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांनाच अपराधी ठरवले, हे आपण अभिमानाने सांगतो. बडोद्यात मात्र आरोप ठेवणारे, कमिशन नेमणारे आणि शेवटचा निर्णय देणारे सरकार एकच होते. एप्रिल १८७५ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यात त्या सरकारने विषप्रयोगाचा आधार घेतलाच नाही; गैरकारभार आणि सुधारणेची अक्षमता ही कारणे देऊन मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासला पाठवले. गैरकारभार खरा होता, आणि म्हणूनच विषाचा आरोप सिद्ध न होताही गादी काढून घेणे सरकारला सोपे गेले.

दत्तक निवडण्याचा मान जमनाबाईंना मिळाला. ज्या खंडेरावांच्या जिवावर उठल्याचा ठपका मल्हाररावांवर पूर्वी आला होता, त्यांच्याच या विधवा. कवळाण्याहून आणलेल्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना त्यांनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले आणि त्यांचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले.